रायरांचा तोल

कुंभकोणमच्या जुन्या गल्ल्यांत घरापुढच्या तिण्णैवर, म्हणजे आपल्या ओसरीवर, सकाळी पेपर वाचत बसलेले निवृत्त गृहस्थ पुष्कळ. त्यातल्या एखाद्याच्या मांडीशी पेपरऐवजी मोटरसायकलचं चाक दिसलं, की समजावं, हे आपले रायर. तंजावरी मराठी राव मंडळींना तमिळ शेजारी रायर म्हणतात. घरात मराठी, पानात अंबटभाजी आणि डांगर पच्चडी, उंबऱ्याबाहेर अस्खलित तमिळ, असा हा साडेतीनशे वर्षांचा संसार.

हा नमुना बहुधा बँकेतून निवृत्त झालेला असतो. त्यात नवल नाही. 1904 साली या गावात कुंभकोणम बँक निघाली. तीच आजची सिटी युनियन बँक. हिशेबाचा वारसा त्याहून जुना. त्रावणकोर संस्थानाला कर्जातून बाहेर काढणारे दिवाण सर टी. माधवराव 1828 साली इथेच जन्मले, हे रायर पाहुण्याला चपला काढायच्या आत सांगतात. पाच पैशांच्या फरकासाठी रात्री उशिरापर्यंत लेजरं उपसलेला असा माणूस एके दिवशी टायरवाल्याच्या दुकानात शिरतो. चाकामागे बॅलन्सिंगचे पैसे, शिवाय लावलेल्या वजनांचे ग्रॅमवर वेगळे.

‘‘ग्रॅम मोजले कोणी?’’

पोरगा मशीनकडे बोट दाखवतो.

‘‘आणि मशीन तपासलं कोणी?’’

याला उत्तर मिळत नाही, आणि घरचा कारखाना सुरू होतो.

सुरुवात दुचाकीपासून. पुढचं चाक उतरवायचं, मातीचा कणही राहणार नाही असं धुवायचं आणि आस दोन सारख्या स्टुलांवर टेकवायचा. स्टुलं आधी गवंड्याच्या पाणसळीनं तपासलेली. मग चाक हळूच सोडायचं. जड बाजू झुलत झुलत खाली येते. तिच्या बरोबर समोर, वरच्या कडेला, वजन चिकटवायचं. कुठेही सोडलं तरी चाक जागचं हललं नाही, की साधलं. दुचाकीचं चाक अरुंद, त्याला एवढं पुरतं. मात्र बेअरिंगातलं ग्रीस घट्ट असेल तर चाक निव्वळ आळसानं थांबतं आणि माणसाला वाटतं, तोल जमला. म्हणून रायर ते दहा ठिकाणांहून सोडून बघतात. असा संशय अंगात मुरायला बँकेत निदान तीस वर्षं काढावी लागतात.

बाजारातली पाच-पाच ग्रॅमची चिकटवजनं नंतर आली. आधी नाणीच होती. 2011 च्या मालिकेतलं दोनाचं नाणं 4.85 ग्रॅम, पाचाचं 6, दहाचं 7.71, हे आकडे रायरांना तोंडपाठ.

‘‘अहो, दुधाचे सुटे पैसे कुठे गेले?’’

‘‘चाकावर आहेत. संध्याकाळी जमा करतो.’’

मोटारीच्या चाकासाठी मात्र त्यांनी यंत्र करवून घेतलं. कुंभकोणमजवळचं नाच्चियारकोविल हे पितळी समयांचं गाव. तिथल्या एका लेथवर समयांच्या रांगेत एक विनादिव्याचा पितळी शंकू उतरला. त्याच्या पोटात पोलादी गोळी, डोक्यावर गोल पाणसळ. चाक त्यावर आडवं ठेवलं की बुडबुडा हलक्या बाजूला सरकतो. तिकडे वजन ठेवत जायचं, तो मध्यावर येईपर्यंत. एवढा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्याला फिल्टर कॉफी आणि गणित दोन्ही मिळतं. चौदा इंची रिमच्या कडेला 20 ग्रॅमची चूक राहिली, तर ताशी 80 किलोमीटरला ती सुमारे दोन किलोच्या जोरानं चाक ओढते, आणि सेकंदात सुमारे बारा वेळा गरगरते. कॉफी तोवर निवते.

चाकांच्या बाबतीत हे गाव तसं अनुभवी. सारंगपाणीच्या देवळाचा अवाढव्य रथ आजही दोरांनी ओढतात आणि चाकाखाली लाकडी पाचरा सारून आवरतात, वळवतात. दारासुरमला बाराव्या शतकातल्या ऐरावतेश्वर मंदिराच्या मंडपाला दगडी चाकं आहेत. ‘‘ती फिरत नाहीत, म्हणून आठशे वर्षं तक्रार नाही,’’ हे रायरांचं त्यावरचं मत.

रायरांची मोटार मात्र फिरते. तंजावरच्या रस्त्यावर काटा ऐंशीला टेकला आणि स्टिअरिंग थरथरलं. बुडबुडा बिचारा खोटं बोलला नव्हता. त्याला अर्धंच दिसतं. रुंद चाकाची आतली कड एका अंगाला जड आणि बाहेरची कड नेमक्या विरुद्ध अंगाला जड असली, तर आडवं ठेवलेलं चाक शहाण्यासारखं स्थिर राहतं. फिरायला लागलं की डुलतं. जमेची आणि खर्चाची बेरीज जुळावी, पण नोंदी भलत्याच पानांवर असाव्यात, तसं. हे पकडायला चाक फिरवून दोन्ही कडा वेगळ्या मोजणारं मशीनच लागतं.

रायर पुन्हा त्याच दुकानात गेले. चष्मा पुसला आणि मशीनशेजारी उभे राहिले. चाकाचं मशीनपासूनचं अंतर, रिमची रुंदी आणि व्यास हे तीन आकडे मशीनला आधी सांगावे लागतात. पोरानं व्यास तेरा दाबला. रिम चौदाची.

‘‘तंबी, चौदा.’’

‘‘सॉरी, सार.’’

पेन्शन सुरू झाल्यावरही रायरांचा चेहरा इतका उजळला नव्हता. व्यास सुधारला, वजनं बदलली, दोन्ही कडांना शून्य आलं, स्टिअरिंग शांत झालं.

घरी येऊन त्यांनी तेच चाक उतरवून शंकूवर ठेवलं. बुडबुडा केसभर बाजूला. दोन-तीन ग्रॅमची बाकी बरीच मशीनं दाखवतच नाहीत, सरळ शून्य लिहितात. रायरांनी जुनी लाल खातेवही काढली, ‘पुढचं डावं’ या पानावर तारीख घातली आणि ते तीन ग्रॅम सस्पेन्स खात्याला टाकले.