झिंझोटी, रा. होटगी

होटगी स्टेशनात रूळ फुटतात. एक वाट वाडीकडे जाते, दुसरी विजापूर, बागलकोट करत गदगला. बाहेरच्या माणसाच्या लेखी होटगी म्हणजे सोलापूर यायला दहा मिनिटं असताना गाडी उगाच उभी राहते ते ठिकाण. थोडं जास्त माहीत असलेला बृहन्मठाचं नाव घेईल, किंवा फताटेवाडीच्या वीज प्रकल्पाकडे जाणाऱ्या कोळशाच्या वाघिणींचं. यापुढे मात्र गावाची ओळख संगीतक्षेत्रात व्हायची चिन्हं आहेत. गावातल्या एका घरात मुलगी झाली आणि तिसऱ्याच दिवशी बापाने जाहीर केलं, की पोरीचं नाव असं असेल, जे अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरीचं सापडणार नाही. आणि ते संगीतातलंच असेल.

पहिल्या अटीचं आता कोणाला नवल वाटत नाही. पूर्वी नाव ठेवताना घरात आधी कोणाचं होतं ते बघायचे. आता जगात कोणाचं नाही ते बघतात. शिवम्मा गेली की दोन वर्षांत तिच्या नातीच्या रूपाने शिवम्मा परत अंगणात रांगायची, आणि गावाला मयताचा हिशेब ठेवायची गरज पडायची नाही. ती सोय गेली. दुसरी अट जरा विचारात पाडणारी होती. या घरात संगीताची परंपरा म्हणाल तर आजोबा भजनात टाळ धरायचे, आणि बापाच्या मोटारसायकलचा हॉर्न तीन सुरांचा आहे. बस्स.

पण रागांच्या नावांना सध्या भाव आहे खरा. आसावरी, बागेश्री, सावनी, मधुवंती, पूर्वी ही नावं तर आता जुनी झाली. आरोही एकेका गल्लीत तीन-तीन निघतात. स्वरा अशी हाक मारली की अर्धा वर्ग 'ओ' देतो. तोडी, काफी, सोहनी यांच्या वाटेला कोणी जात नाही. काफीचं कारण उघड आहे, तिच्यामागे कायम चहा लागेल. पिलू नावाचा राग आहे हे कळल्यावर मात्र मला बरं वाटलं; घरोघरी पोरांना पिल्लू म्हणतात, म्हणजे महाराष्ट्राचं ठुमरी अंगाने बरं चाललंय.

भैरवीबद्दल थोडं हळू बोलतो. भैरवी सुंदर नाव आहे, राग त्याहून सुंदर. पण मैफल भैरवीने संपवतात हे आपल्याकडे ज्याला सा कळत नाही त्यालाही ठाऊक असतं. म्हणून तिसऱ्या मुलीचं नाव भैरवी ठेवलेलं दिसलं की मी कौतुक करायच्या आधी बापाच्या तोंडाकडे बघतो. सातारा जिल्ह्यात २०११ साली नकुशा नावाच्या शेकडो मुलींचा सरकारी समारंभ करून नावं बदलली. नकुशा खेड्यातली, अडाणी, कागदावर सापडली. तीच शिकूनसवरून भैरवी झाली की तिच्यासाठी कोण समारंभ करणार? उलट लोक म्हणतात, काय कलासक्त घराणं आहे हो.

असो. आपली मुलगी घरातली पहिलीच, तेव्हा तो प्रश्न नव्हता. प्रश्न नक्षत्राचा होता. पोर उत्तराभाद्रपदेवर जन्मली, आणि पंचांगाने तिला दू, थ, झ, ञ एवढी चार अक्षरं दिली. ञ वरून नाव ठेवलेला माणूस पंचांगकर्त्यानेही पाहिला नसेल. दूवरून दुर्गा छान होतं, रागही आहे, पण दुर्गा दर नवरात्रात घरोघरी येते. 'दुसरीचं नाही' या अटीत बसेना. थवरून काही सुचेना. उरला झ. झपताल, झुमरा हे ताल, तेही पुरुषी. मग मोबाइलमध्ये खाली खाली जाता जाता बापाला ते सापडलं, आणि तो रात्री अकराला ओरडला, "झिंझोटी!" पाळण्यातली पोर दचकून रडायला लागली. रात्रीचा दुसरा प्रहर चालू होता आणि झिंझोटीचा समयही शास्त्राने तोच सांगितला आहे. त्या घरात त्या रात्री प्रथमच काहीतरी वेळेला धरून गायलं गेलं.

दुसऱ्या दिवशी दारावरून जाणारी प्रत्येक बाई विचारून जाऊ लागली, "हेसर एन्री?" आणि नाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: म्हणजे काय?

मुलीच्या नावाला अर्थ लागतोच. मुलगा विकी असतो, बंटी असतो, त्याला कोणी अर्थ विचारत नाही. त्याला पगार विचारतात. मोबाइलमधल्या यादीने झिंझोटीचा अर्थ 'सुमधुर, तेजस्वी, देवीचे एक रूप' असा दिला होता. त्या यादीत कुठलंही नाव घाला, अर्थ एवढाच निघतो. बापाचं समाधान झालं, पण त्याने हौसेने सोलापुरातल्या एका निवृत्त संगीत शिक्षकांना फोन लावला आणि घात झाला. ते म्हणाले, झिंझोटी, खमाज थाटाचा राग, ठुमरीला फार उत्तम, प्रकृती क्षुद्र.

"प्रकृती काय?"

"क्षुद्र. शास्त्रात तसं म्हणतात. मोठा ख्याल सहसा गात नाहीत त्यात."

पोरीचं वजन तीन किलो भरलंय, डॉक्टरांनी प्रकृती उत्तम सांगितलीय, असं बापाने फोनवरच सुनावलं. गुरुजी गडबडले. चूक सावरायला त्यांनी मग झिंझोटीची थोरवी सांगितली, आणि ती थोरवी खरी आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, मिरजेचेच म्हणा, त्यांनी झिंझोटीत एक ठुमरी गायली होती. तिची तबकडी गदग भागातल्या एका पोराच्या लहानपणी कानावर पडली. त्या पोराने १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडलं. त्याचं नाव भीमसेन जोशी. म्हणजे आपल्या स्टेशनातून जी दुसरी वाट फुटते ना, तिच्या शेवटाशी या नावाने इतिहास घडवलाय.

बापाने ही हकीकत छाती फुगवून चुलीपाशी सांगितली. आजीने भाकरी उलटली. म्हणाली, "पोरं घरातून पळवणारं नाव आपल्या पोरीला ठेवायलास व्हय रे?"

यावर उत्तर नव्हतं. आजीचं म्हणणं सिद्धव्वा ठेवा, सोलापूरच्या सिद्धरामेश्वराची कृपा राहील. सिद्धव्वा शेकडो आहेत म्हटल्यावर ती म्हणाली, "असू दे की. एकीला हाक मारली तर चार जणी येतील कामाला."

मला या सगळ्यात एक गंमत दिसते. ज्या घरांत खरोखर सूर होता, तिथे नावाचा प्रवास बरोबर उलटा झालाय. याच टापूतल्या गंगूबाई हनगल. पाळण्यातलं नाव गांधारी. गांधार स्वर, गांधारी राग, आजच्या हिशेबाने बाराशे रुपये तास घेणाऱ्या नामसल्लागाराला सुचणार नाही असं नाव. ग्रामोफोन कंपनीला ते पसंत पडेना. तबकडी खपायची तर गंगूबाई पाहिजे, असं ठरलं. किंवा हिराबाई बडोदेकर. अब्दुल करीम खाँसाहेबांची ही लेक जन्माने चंपाकली. चंपाकळी गळ्यातला दागिना आणि चंपाकली हा रागही. आई ताराबाई मुलांना घेऊन वेगळी झाली, चंपाकलीची हिराबाई झाली, तिची बहीण सकीना, तिची सरस्वती झाली. भाजीवालीलाही शोभतील अशा नावांनी या बायका पुढे रंगमंच गाजवून गेल्या. आता गळा नसला तरी चालतो, नाव मात्र खमाज थाटाचं हवं. पोर पाचवीत गेल्यावर गुणगुणायला लागली तर तिला हेच घर सांगणार, तोंड मीट आणि पाढे म्हण. शाळेत संगीताचा तास असतो, तो परीक्षा जवळ आली की गणिताला देतात.

नावाची ही हौस आपल्या भागात काही आजची नाही म्हणा. होटगीहून त्याच गदगच्या गाडीने विजापूरला उतरा. तिथे दुसरा इब्राहीम आदिलशहा, गाण्याचा इतका वेडा, की आपल्या तंबोऱ्याला त्याने मोतीखान असं माणसाचं नाव ठेवलं. आपण माणसाला रागाचं ठेवतो, त्याने वाद्याला माणसाचं ठेवलं, एवढाच काय तो फरक. 'नवरस' हा शब्द त्याला आवडला, तर त्याने पुस्तक लिहिलं ते किताब-ए-नवरस, उत्सव नवरसाचा, नाणं नवरसाचं, आणि १५९९ मध्ये शहर वसवायला घेतलं तेही नवरसपूर. १६२४ मध्ये मलिक अंबरने ते लुटलं. पण सुलतान स्वतः गीतं रचायचा. हा मुद्दा मी बापाला सांगितला, त्याने तंबोऱ्याची किंमत विचारली आणि विषय बदलला.

बारसं ठरल्याप्रमाणे झालं. हुग्गी झाली, घुगऱ्या झाल्या, पाळण्याखालून-वरून पोर दिली-घेतली. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ती विजापूरकडे दिलेली, बिचारी आठ दिवस सराव करत होती. ऐन वेळी वाकली आणि म्हणाली, "कुर्र... झिंगोटी." पाठीत धपाटे पडले ते नेहमीपेक्षा जरा जास्तच जोरात पडले, असं पाहणारे सांगतात.

नोंदणीच्या खिडकीवरही नाव अडकलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. चांगला नियम आहे. पण झिंझोटीला इंग्रजीत दोन जे, दोन एच लागतात, आणि त्यापुढे आई, बाप, आडनाव. रकाना संपला, बापाचं अर्धं नाव बाहेर राहिलं. कारकून समजूतदार. म्हणाला, घाई कशाला करताय मालक? १९६९ च्या कायद्यात सोय आहे, जन्माची नोंद आधी करा, नाव वर्षभरात घाला, फुकट. त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, विलंब शुल्क भरून.

ही सवलतच पुढे नडली. कारण परवा व्हॉट्सअॅपवर बातमी आली, की अक्कलकोट रोडवरच्या एका गावात कोणीतरी आपल्या मुलीचं नाव झिंझोटी ठेवलंय. फोटोसकट. केकसकट. बाप दिवसभर जेवला नाही. जिल्ह्यात दोन झिंझोट्या झाल्या म्हणजे नाव बाटलं. कागदावर अजून चढलं नव्हतं, तेव्हा ते रद्द.

आता त्याने राग सोडून श्रुती धरल्या आहेत. बावीस श्रुतींना बावीस नावं, सगळी बायकांची. त्यातल्या रोहिणी, रम्या, प्रीती, रंजनी लोकांनी कधीच उचलल्या. मंदा हीसुद्धा श्रुतीच निघाली. आमच्या पिढीच्या सगळ्या मंदा आयुष्यभर षड्जात होत्या आणि कोणी त्यांना सांगितलं नाही. शिल्लक आहेत त्या रौद्री, क्रोधा, उग्रा आणि क्षोभिणी. अत्यंत दुर्मिळ, जिल्ह्यात काय, राज्यात दुसरी सापडणार नाही याची मी हमी देतो. नक्षत्राचं अक्षर जुळत नाही, पण बाप म्हणतो तेवढं चालवून घेऊ. क्षोभिणीवर त्याचं मन बसलंय, कारण ती निषादाची आहे आणि बाविसावी, म्हणजे सगळ्यात वरची.

घरात पोरीला सगळे अव्वी म्हणतात आणि ती त्या हाकेला वळून बघायला लागली आहे. आत्याने विजापूरहून निरोप धाडलाय: नाव काय पाहिजे ते ठेवा, पण घुगऱ्या दुसऱ्यांदा मी शिजवणार नाही.