एका दाताचा फरक

नांदेड ते लातूर हे अंतर सुमारे १४० किलोमीटर. वाटेत लोहा, अहमदपूर, चाकूर. या रस्त्यावर एसटी, ट्रॅव्हल्स, सोयाबीनची पोती भरलेले टेम्पो आणि लग्नाच्या घाईतल्या जीपगाड्या एखाद्या ट्रकाला एकामागोमाग मागे टाकत असतील, त्यांच्या खिडक्यांतून पोरं हात हलवत असतील आणि ट्रकाचा मालक मात्र ताठ मानेने समोर बघत असेल, तर तो ट्रक मिलिटरीतून निवृत्त झालेला आहे असं खुशाल समजावं.

असा ट्रक का घेतात, याची कारणं घेणाऱ्याकडे भरपूर असतात. पावसाळ्यात काळ्या रानात चारही चाकं ओढणारी गाडी लागते, हे घरच्यांना सांगायचं कारण. धोनीने २०१९ मध्ये लष्करातली जुनी जोंगा घेतली, हे मित्रांना सांगायचं. खरं कारण बहुधा लहानपणातलं असतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लष्कर मदतीला धावून आलं, ते लातूर जिल्ह्याने अगदी जवळून पाहिलं. हिरव्या ट्रकाबद्दलचा आदर इथे वरवरचा नाही.

लिलावात हा आदर कामाला येतो. ‘जसा आहे, जिथे आहे’ अशी अट मान्य करून माणूस बोली लावतो आणि ट्रक कसा आहे नि कुठे आहे, हे दोन्ही त्याला पैसे भरल्यावर नीट कळतं. वाट्याला शक्तिमान आला तर वंशावळही मिळते. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर हा ट्रक जबलपूरला बनू लागला, तेव्हा कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते. शस्त्रं बनवायच्या कारखान्यांत ते कॉफीची यंत्रं बनवून घेतात, असा आरोप विरोधक करत; त्याच काळातली ही पैदास. पुढे १९६९ मध्ये जबलपूरला खास व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि शक्तिमान १९९६ पर्यंत निघत राहिला. १९९७ मध्ये दूरदर्शनवर मुकेश खन्नांचा शक्तिमान गरगर फिरत आला. आजच्या पोरांना तोच ठाऊक. त्यामुळे मालकाने कौतुकाने ‘दारात शक्तिमान आहे’ म्हटलं की घरातलं लहान पोर बाहेर धावतं, बघतं आणि हिरमुसून परत येतं.

घरी आणल्यावर पहिली गाठ आरटीओशी. लष्कराच्या पाटीवर वर टोक केलेला बाण असतो. तो जाऊन लातूरकराला एमएच २४ किंवा नांदेडकराला एमएच २६ घ्यावा लागतो. ज्या रंगावर भाळून ट्रक घेतला तो ऑलिव्ह ग्रीन आता चालत नाही, कारण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२१ व्या नियमाने तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवला आहे. मग ट्रक निळा होतो किंवा पिवळा. रणगाड्यांच्या पंगतीत वावरलेलं ते धूड पाण्याच्या टँकरसारखं दिसू लागतं आणि पारावरून विचारणा होते, “काय हो, युद्धावर निघालाव का पाणी वाटायला?”

एवढं सगळं माणूस सहन करतो. सहन होत नाही तो वेग.

यात ट्रकाचा काही दोष नाही. लष्कराला चिखल तुडवायचा असतो, घाट चढायचा असतो, ताफ्यातल्या सगळ्यात सुस्त गाडीबरोबर राहायचं असतं. म्हणून इंजिन पुष्कळ फिरतं आणि चाक थोडं फिरतं अशी योजना आसातच केलेली असते. प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला लहान दातेरी पिनियन आणि तिला भिडणारी मोठी क्राउन. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की ट्रकाचा स्वभाव निघतो. लोह्याजवळच्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, तिथे बैल घेणारा आधी त्याचा जबडा उघडून बघतो: अदात, दोन दाती, चार दाती की जुळलेला. जुना ट्रक घेणाऱ्यानेही तेच करायला हवं. पण तो हॉर्न वाजवून बघतो.

उदाहरणादाखल ४१ दातांची क्राउन आणि ६ दातांची पिनियन धरू. भागाकार आला ६.८३. पिनियन ७ दातांची केली की तो ५.८६ वर उतरतो. चाकाचा घेर ३.१ मीटर, इंजिनाचे मिनिटाला २००० फेरे आणि गाडी थेट गिअरमध्ये असेल, तर पहिल्या जोडीवर ताशी ५४ किलोमीटर पडतात आणि दुसऱ्या जोडीवर ६३. वेग एक षष्ठांशाने वाढतो, ओढ मात्र एक सप्तमांशाने घटते. म्हणजे डांबरी सडकेवर जे कमावलं, त्यातलं बरंचसं काळ्या रानात फेडावं लागतं. ही सगळी उलाढाल एका दाताची.

हा हिशेब मिस्त्री सुरुवातीलाच मांडतो. मालक ऐकतो तो फक्त ‘६३’.

मग जोडीचा शोध. पुण्याचा जुना बाजार, दिल्लीची मायापुरी, आणि ‘माझ्याकडे पडून आहे’ म्हणणारा प्रत्येक गावातला एकेक माणूस. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकींवर घासून जुळवलेल्या असतात आणि दोघींवर एकच नंबर कोरलेला असतो. एकीची क्राउन आणि दुसरीची पिनियन, असा काडीमोड करून मांडलेला नवा संसार आसात फार दिवस टिकत नाही. भरवेगात रडण्याचा आवाज येतो आणि तो केबिनपर्यंत ऐकू येतो.

कामाला सुरुवात झाली की गॅरेजात माणसं आपोआप जमतात. मराठवाड्यात उघडी मोटार आणि उघडी विहीर, दोन्हींत डोकावल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. पोऱ्या खालचा बोल्ट काढून काळंकुट्ट तेल डब्यात सोडतो. हबच्या तोंडाचे बोल्ट काढले की दोन्ही बाजूंचे एक्सल शाफ्ट सरळ बाहेर ओढता येतात, चाकं उतरवावी लागत नाहीत. हे बघून मालकाला वाटतं, काम झालंच. मग प्रोपेलर शाफ्ट सुटतो, हौझिंगचे नट निघतात आणि डिफरन्शियलचा तो लोखंडी गड्डा चेन-पुलीला लोंबकळू लागतो. आतापर्यंत सल्ला देणारे सगळे त्याच क्षणी चार पावलं मागे सरकतात. त्यातल्या एकाला घरी काम असल्याचंही आठवतं.

लोखंड उचलणं हा कामाचा सोपा भाग. अवघड आहे ते बसवणं. पिनियन किती आत जावी हे कागदासारख्या पातळ शिमा घालून नाहीतर काढून ठरवतात. दोन दातांमधली मोकळीक साधारण पाव मिलिमीटर. ती डायल गेजवर मोजायची. कमी राहिली तर दात तापतात, जास्त झाली तर आपटतात. पाच पाउंडी घण घेऊन फिरणारा मिस्त्री इथे सोनार होतो आणि पोऱ्याला श्वासही हळू घ्यायला लावतो.

यानंतर येतो शेंदूर. दातांना तेलात कालवलेला शेंदूर फासून गिअर हाताने फिरवायचा आणि रंग कुठे पुसला गेला ते बघायचं, ही जगभरच्या फिटरांची जुनी रीत आहे. खूण दाताच्या मधोमध उमटली तर बेत जमला. टोकाला किंवा मुळाशी उमटली तर सगळं खोलून पुन्हा शिमा. वाटेने जाणारी एखादी आजी मात्र शेंदूर फासलेलं ते चक्र बघून क्षणभर थांबते आणि हात जोडते. दुसऱ्यांदा खोलायची वेळ आल्यावर मालकही जोडतो.

मागचा आस झाला की मालक हुश्श करतो आणि मिस्त्री पुढच्या आसाकडे बोट दाखवतो. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचा भागाकार आणि मागचा भागाकार एकच असावा लागतो. मागे ५.८६ आणि पुढे ६.८३ ठेवून कोरड्या सडकेवर पुढचा गिअर लावला, तर पुढची चाकं एक म्हणतात आणि मागची दुसरं. भांडण मधल्या ट्रान्सफर केसमध्ये जातं आणि निकाल लागतो तो काहीतरी तुटूनच. तेव्हा दुसरी जोडी, दुसरा शोध, पुन्हा शेंदूर. अमेरिकी लष्कराचे १९५० पासूनचे एम-३५ ट्रक विकत घेणारे तिकडचे हौशी लोक यापेक्षा दुर्दैवी म्हणायचे. त्यांच्या ट्रकाला ६.७२ च्या भागाकाराचे आस तीन, आणि तिन्ही चाकं फिरवणारे.

अखेर नवं ९० नंबरचं तेल भरून, मिस्त्रीच्या हातावर नारळ-पेढे ठेवून ट्रक रस्त्याला लागतो. मालक पायाखालचं पॅडल दाबतो, काट्याकडे बघतो आणि काटा ५४ वरच! बहुतेक ट्रकांत स्पीडोमीटरची केबल आसाच्या अलीकडून, गिअरबॉक्स किंवा ट्रान्सफर केसवरून निघते. मागे दात बदलल्याची खबर तिला कोण देणार? चाकं ६३ ने पळत असतात. ज्या आकड्यासाठी पैसे मोजले तो आकडा सोडून बाकी सगळं बदललेलं असतं.

अडचण एवढीच की ब्रेक आणि स्टिअरिंगलाही ही खबर नसते. कायद्याला असू शकते: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ रचनेतल्या फेरफारांवर बंधन घालतं. आरसी बुकात दातांचा रकाना नाही, म्हणून निर्धास्त राहू नये.

नांदेड-लातूर प्रवासात या सगळ्याने वाचतात ती सुमारे २२ मिनिटं, आणि तीही वाटेत लोह्याला चहा घेतला नाही तर. तरीही ज्यांना करायचंच आहे त्यांनी पैसे देण्याआधी जोडीतल्या दोन्ही नगांवरचा नंबर एकच आहे ना ते बघावं, पुढच्या आसाची जोडी त्याच दिवशी घ्यावी आणि आधी ब्रेक करून घ्यावेत. बघ्यांच्या चहाचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा धरावा. तो गिअर ऑइलपेक्षा जास्त होतो.