पट्टी बघणारे नाना

आमच्या सोसायटीत एक अलिखित नियम आहे : घाईत असाल तर पार्किंगमध्ये नानांच्या नजरेला पडू नये. कारण "काय, कसं काय?" याच्या पाठोपाठ प्रश्न येतोच, "ऑइल कधी बदललंत?" महिना सांगितला तर किलोमीटर विचारतात, किलोमीटर सांगितले तर ग्रेड. "गॅरेजवाल्याने घातलं ते," असं म्हणणाऱ्याकडे नाना असे बघतात, जणू तो पंगतीत जेवायला बसलाय आणि लग्न कुणाचं ते त्याला ठाऊक नाही.

नानांची वॅगन आर स्वतः फारशी फिरत नाही. बँक, मंडई, फार तर व्याह्यांकडे. रविवारी सकाळी मात्र तिचं बॉनेट उघडतंच. चष्मा कपाळावर, हातात जुन्या बनियनचा फडका. पट्टी ओढायची, पुसायची, परत घालून परत ओढायची. दोन खुणांच्या मधोमध ऑइल दिसलं की "हं!" मग एक थेंब बोटांत चोळून हुंगायचा. वरून गॅलरीतून काकूंचा आवाज येतो, "आता चवही बघा!"

"नाना, वर्षात दोन हजार किलोमीटरही झाले नाहीत. कंपनी तर दहा हजार म्हणते."

"पुढचं वाचा की! 'किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते.' अहो, मंडई येईपर्यंत इंजिन धड तापत नाही. आतला ओलावा आतच राहतो, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. कमी चालणाऱ्या गाडीलाच जास्त जपायचं."

वैताग याचा, की नानांचं बरोबर असतं.

गॅरेजमध्ये बाकीचे लोक चावी देऊन चहाला जातात. नाना स्टूल ओढून गाडीजवळ बसतात. "गळू दे रे पूर्ण, गाडी कुठे पळून चाललीय?" फिल्टर नवा, ड्रेन बोल्टचा वॉशरही नवा. रिकाम्या डब्याला स्वतः भोक पाडतात, नाहीतर उद्या कुणी त्यात भेसळीचं भरून विकेल. मग तारीख आणि रीडिंग डायरीत.

मध्यंतरी त्यांच्या पुतणीला बघायला मुलगा आला, स्वतः गाडी चालवत. मंडळी पगार आणि पत्रिकेत रमलेली असताना नानांनी पोह्यांची बशी हातात धरून आपला प्रश्न टाकलाच. मुलगा हसून म्हणाला, "तो लाल किटलीचा दिवा लागला की बदलतो."

बशी कलंडली. "अहो, तो दिवा आठवण करून देत नाही! ऑइलचं प्रेशर गेलं म्हणून बोंबलतो! लागला की तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं!"

नानांनी त्याला खाली नेलं. दोघे वर आले तेव्हा मुलाची बोटं काळी होती आणि खिशात बनियनचा फडका. धाकट्या भावाने धास्तावून कानाशी विचारलं, "कसा वाटला?"

"पोरगा गुणी आहे, ऐकून घेतो," नाना म्हणाले. "मुलगी द्यायला हरकत नाही. गाडी मात्र एवढ्यात देऊ नकोस."