फातोर्ड्याचे बहुउद्देशीय स्टेडियम : एक विवेचन

मडगावच्या फातोर्डा भागात १९८९ मध्ये उभ्या राहिलेल्या पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमचा अभ्यास करताना ते 'बहुउद्देशीय' आहे, म्हणजे फुटबॉल, क्रिकेट आणि उद्घाटनाची भाषणे यांपैकी कोणालाही ते सर्वस्वी आपले वाटू नये अशी त्याची योजना आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते.

फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या गोव्याने क्रिकेटचाही पाहुणचार केला, परंतु त्याला पाऊस आणि व्यवस्थापन या दोन शक्तींनी आकार दिला. ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका यांच्यातील १९८९ च्या एकदिवसीय सामन्याने आरंभ झाला. १९९४ मध्ये न्यूझीलंड आणि वेस्ट इंडीज यांचा सामना पावसाने निकालाविना संपला. २००१ च्या भारत-ऑस्ट्रेलिया सामन्यात बनावट तिकिटांचे प्रकरण उपटले व पुढे न्यायालयात गेले, यावरून येथे आसनांपेक्षा तिकिटांचे उत्पादन अधिक कार्यक्षम होते असे अनुमान निघते. २४ ऑक्टोबर २०१० रोजी तर एकही चेंडू न टाकता सामना रद्द झाला आणि त्यानंतर एकदिवसीय क्रिकेट येथे परतले नाही.

या स्टेडियमची कालगणना मोठ्या पाहुण्यांच्या आगमनावरून करणे सोयीचे ठरते. पोर्तुगीजशी नाते असलेल्या देशांच्या व प्रदेशांच्या लुसोफोनिया क्रीडास्पर्धा २०१३ मध्ये ठरल्या होत्या, त्या जानेवारी २०१४ मध्ये झाल्या आणि त्यांच्या निमित्ताने स्टेडियमचे रूप पालटले. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक आला. आणि वारंवार पुढे ढकललेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांचे उद्घाटन अखेर २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते येथे झाले. पाहुणे येणार म्हटले की रंग, दिवे आणि निधी ही तिन्ही द्रव्ये एकदम उपलब्ध होतात, असा या शास्त्राचा नियम दिसतो.

प्रेक्षक हा घटकही अनिवार्य नाही, हे महासाथीत सिद्ध झाले : १४ मार्च २०२० रोजी इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना येथे रिकाम्या गॅलऱ्यांसमोर खेळला गेला. तिकिटांचा प्रश्न निर्विवादपणे सुटल्याचे या वास्तूच्या इतिहासातील हे ठळक उदाहरण होय.

यावरून निघणारा निष्कर्ष व्यवहारोपयोगी आहे : मडगावच्या मुलांना चांगले मैदान हवे असेल, तर त्यांनी सरावासाठी अर्ज करण्यात वेळ न दवडता एखादी आंतरराष्ट्रीय स्पर्धाच गावात बोलवावी.