साठ मिलिलिटरच्या अलीकडे

वाण्याच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबत असतात, दाराला तोरण बांधावं तशा. परवा त्यातली एक पुडी तोडून घेतली आणि चष्मा कपाळावर चढवून वाचू लागलो. पुढच्या बाजूला एका बाईचे केस वाऱ्यावर उडत होते. मागच्या बाजूला किंमत होती, तारीख होती, कंपनीचा पत्ता होता. आत काय आहे, तेवढं नव्हतं.

"शेठ, यात काय काय घातलंय?"

"शाम्पू आहे, साहेब."

"ते कळलं. शाम्पूत काय आहे?"

उधारी मागणाऱ्याकडे पाहावं तसं शेठनी माझ्याकडे पाहिलं. "केस धुवायचेत ना? मग धुवा की."

निवृत्त माणसाकडे दुसरं काही नसलं तरी वेळ असतो. घरी येऊन कायदे काढून बसलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मला मालाची गुणवत्ता, प्रमाण, शुद्धता, दर्जा, किंमत वगैरे जाणून घेण्याचा हक्क दिला आहे. ऊर भरून आला. मग सौंदर्यप्रसाधनांचे २०२० चे नियम उघडले. घटकांची यादी छापायला हवी, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आणि लगेच त्याच्या शेपटाला: पातळ माल साठ मिलिलिटरहून कमी किंवा घट्ट माल तीस ग्रॅमहून कमी असेल, तर यादी नसली तरी चालेल.

म्हणजे हक्क आहे, पण तो साठ मिलिलिटरला सुरू होतो. माझी पुडी सहा मिलिलिटरची. बाटली ज्याला परवडते, त्याला आपण डोक्यावर काय ओततोय ते कळावं. धुण्याभांड्याची कामं करून आठवड्यातून एकदा पुडी फोडणाऱ्या बाईच्या डोक्याला मात्र हा ताप नको, असा दयाळू विचार त्यामागे असणार. काही कंपन्या पुडीवरही यादी छापतात, हे प्रामाणिकपणे सांगतो. हळदीकुंकवाला वाण द्यावं तशी ती माहिती येते. आली तर आली, मागायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी मी दहा पुड्यांची अख्खी माळ उतरवायला लावली. "शेठ, सहा दाहे साठ. आता हक्क लागू झाला."

"माळेवर सूट नाही, साहेब," शेठ म्हणाले.

शेवटी बाटली घेतली. यादी होती, मुंग्यांची रांग गेल्यासारखी, आणि इंग्रजीत. तिचीही एक रीत आहे. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं छापायचे, एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले हव्या त्या क्रमानं. पंगतीतलाच शिष्टाचार, मानकरी वर बसतात आणि बाकीच्यांनी पाट मिळेल तिथे टेकावं. माल टिकावा म्हणून घातलेली रसायनं बहुधा याच गर्दीत असतात. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे त्यातलं एक. (नुसतं नाव घेताना माझी कवळी हलली.) कातडीला ॲलर्जी होते म्हणून युरोपीय संघानं २०१७ मध्ये अंगावर राहणाऱ्या क्रीमांतून ते हद्दपार केलं. धुऊन टाकायच्या मालात तिकडे त्याची कमाल मर्यादा ०.००१५ टक्के. एवढ्याशानं काम फत्ते करणाऱ्याला वरच्या पाटाची हौस असेलच कशाला?

सगळ्यात मौजेचा शब्द यादीच्या तळाशी सापडला: 'परफ्यूम'. या एका शब्दाखाली डझनावारी द्रव्यं सुखानं नांदतात आणि ती कोणती, हे धंद्याचं गुपित. गुपितं मला नवीन नाहीत. आमची आजी गोड्या मसाल्यात दगडफूल किती घालते, ते सुनांना मरेपर्यंत कळलं नाही. पण ती मसाल्याची आमटी आधी स्वतः ओरपायची.

जर्मनीहून आलेला भाचा अंगाला लावायच्या साबणाची बाटली विसरून गेला. तिच्यावर 'परफ्यूम'च्या पुढे लिनालूल, लिमोनीन, कुमारिन अशी नावं हजेरीपटासारखी मांडलेली. तिकडे अशा २६ सुगंधी द्रव्यांची नावं ठरावीक प्रमाणापुढे छापावीच लागत. २०२३ मध्ये ती संख्या ८० च्या वर नेली. यातली सगळी काही विषं नव्हेत. लिमोनीन तर लिंबाच्या सालीतही असतं. पण आमच्या हिच्या हातावर चार वर्षं पुरळ उठतंय. त्वचेचे डॉक्टर सांगतात, कशानं उठतंय ते शोधा आणि तेवढं टाळा. ती शोधते आहे. आजवर साबण बदलले, बांगड्या बदलल्या, एकदा डॉक्टरही बदलले. गुपित मात्र शाबूत आहे.

एवढ्यात खालून आरोळी आली. सायकलवरचा फिनेलवाला. त्याचा माल कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्यांत. लेबल नाही, यादी नाही, किंमतसुद्धा तोंडी.

"यात काय काय आहे रे?"

"काय की, साहेब. पिंपातून येतं, मी भरतो." पैसे खिशात घालून तो सायकलवर चढला, आणि पाय टेकवून पुन्हा थांबला. "ताईंना सांगा, हातमोजे घालूनच फरशी पुसा म्हणावं. माझ्या बायकोचे हात गेले यानं."