सातबाऱ्यावर नाव नसलेला क्लास

एका इंजिनिअरमागे चार मॅनेजर असलेल्या कंपनीत सर्व्हरने ‘नॉट अ मॅनेज्ड टाइप’ म्हणत बंद पडावं, याहून मोठा विनोद हिंजवडीत सापडायचा नाही. तक्रार अर्थात माणसांबद्दल नसते, ‘कस्टमर’ किंवा ‘इनव्हॉइस’ नावाच्या एखाद्या जावा क्लासबद्दल असते. क्लास आहे, कम्पाइल होतो, त्याच्या मॉड्यूलच्या सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत, डेटाबेसात त्याचं टेबलसुद्धा आहे. फक्त हायबरनेटच्या दप्तरी त्याची नोंद नाही. तीस वर्षं शेत कसलेल्या माणसाला तलाठ्याने ‘सातबाऱ्यावर तुमचं नाव दिसत नाही’ म्हणून परत पाठवावं, तसला हा प्रकार.

या दप्तराला इतिहास आहे. गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये हायबरनेट सुरू केलं, तेव्हा कोणता क्लास कोणत्या टेबलात आणि कोणतं फील्ड कोणत्या कॉलमात, हे एक्सएमएलच्या मॅपिंग फाइलीत लिहावं लागे. २००४ मध्ये जावा ५ बरोबर अ‍ॅनोटेशन आली, २००६ मध्ये जेपीए हे प्रमाण आलं आणि एक्सएमएलचा काळ संपल्याचं सर्वांनी एकमेकांना सांगितलं. जुन्याजाणत्या प्रकल्पांत मात्र ‘मेटा-इन्फ’ फोल्डरात पर्सिस्टन्स डॉट एक्सएमएल आजही ठाण मांडून आहे. शिवाय क्लासवरचं अ‍ॅनोटेशन एक टेबल सांगत असेल आणि मॅपिंग फाइल दुसरं, तर नियमाप्रमाणे फाइलच खरी. प्रत्यक्ष ताबा कुणाचा का असेना, कागद बोलेल ते कायदेशीर.

घर एक होतं तोवर हे सगळं निभावत होतं. मग वाटणी झाली. बिलिंग वेगळं, ग्राहक वेगळा, अहवाल वेगळे. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलं आहे की, संस्थेतली माणसं आपसात जशी बोलतात तशीच तिच्या सॉफ्टवेअरची रचना होते. आपल्याकडे ती मॅनेजरांना जितक्या केबिन लागतात, त्यावरून होते. प्रत्येकाला आपापलं मॉड्यूल मिळालं, बांध घातले गेले, स्लाइडवर रंगीत चौकोन आले. इनव्हॉइस बिलिंगच्या वाट्याला गेला आणि कस्टमर दुसऱ्याच्या. दोघांची टेबलं फॉरेन कीने बांधलेली आहेत, म्हणजे विहीर सामाईकच राहिली, याची आठवण मात्र कुणालाही झाली नाही.

पर्सिस्टन्स डॉट एक्सएमएलचा स्वभाव असा, की ती ज्या जारमध्ये बसते तेवढंच तिचं शिवार. आपल्या जारमधले क्लास ती स्वतः शोधते. शेजारच्या जारमधले हवे असतील, तर त्या जारचं नाव तिच्यात लिहा, नाहीतर एकेक क्लास मोजून लिहा. मॅपिंग फाइल ‘ओआरएम डॉट एक्सएमएल’ या ठरलेल्या नावाची नसेल, तर तिचाही उल्लेख वेगळा करा. लिहायचं कुणी, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्यावर रोज सकाळी स्टँडअप होतो.

‘‘तुझा क्लास पर्सिस्टन्समध्ये टाकायला सांगितला होता ना?’’

‘‘ती फाइल कोअर टीमची. आपल्याला राइट अ‍ॅक्सेस नाही.’’

‘‘मग टिकेट टाक.’’

‘‘टाकलंय. ते म्हणतात, क्लास तुमचा, पुल रिक्वेस्ट तुम्ही द्या.’’

‘‘मग दे की!’’

‘‘दिलीय. रिव्ह्यूला त्यांच्याकडेच पडलीय.’’

असल्या गावात स्वाभिमानी माणूस काय करतो? स्वतःचा उतारा स्वतःच काढतो. प्रत्येक मॉड्यूल आपापली पर्सिस्टन्स डॉट एक्सएमएल तयार करतं. पुढे सगळे जार कुटून एकच मोठा जार बांधला जातो. तिथे सगळ्यांच्या फाइलींचं नाव एक, पत्ता एक, त्यामुळे बहुधा एकच शिल्लक राहते. ती कुणाची, हे बांधणाऱ्या अवजाराच्या मर्जीवर. बाकीचे वारस भूमिहीन.

‘‘आम्ही मायबॅटिस वापरतो, आम्हाला हा त्रास नाही,’’ असं सांगणारी भावकीही असते. तिची मॅपर फाइल जावा फाइलीशेजारी सोयीने ठेवलेली असते, आणि मेव्हन तर कुणी वेगळं सांगितल्याशिवाय फक्त रिसोर्सेस फोल्डरातल्या फाइली उचलतो. जार सुखरूप तयार होतो, मॅपर मागेच राहतो. तो जागेवर आणला, तरी स्प्रिंगला ‘क्लासपाथ’ लिहिलं की ‘क्लासपाथ स्टार’, हा तंटा उरतोच. स्टार नसेल तर शोध पहिल्या सापडलेल्या ठिकाणी थांबू शकतो आणि दुसऱ्या मॉड्यूलचे मॅपर वाट पाहत राहतात. एका चांदणीसाठी अख्खी टीम रात्रभर आकाश बघते, ते हे.

त्यात २०२० मध्ये गावाचंच नाव बदललं. ओरॅकलने जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनच्या हवाली केलं, जुनं नाव पुढे चालवायची मुभा राहिली नाही, आणि जकार्ता ईई ९ मध्ये ‘जावाएक्स’चं ‘जकार्ता’ झालं. सहा मॉड्यूलनी पाटी बदलली, दोघांनी ‘पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू’ म्हटलं. त्या दोघांच्या क्लासवर जुनी अ‍ॅनोटेशन नीट लावलेली आहेत, पण नव्या हायबरनेटला ती दिसतच नाहीत. पुन्हा तोच संदेश: नॉट अ मॅनेज्ड टाइप.

उपाय इतका साधा आहे की कुणाला पटत नाही. प्रत्येक मॉड्यूलने आपली मॅपिंग फाइल स्वतःच्या वेगळ्या नावाने ठेवायची, शेवटी जे मॉड्यूल प्रत्यक्ष चालू होतं त्याने सगळ्यांची यादी राखायची, आणि सगळं एकत्र उभं करून पाहणारी एक टेस्ट रोज चालवायची. यात खर्च नाही, परवाना नाही, सल्लागार नाही. फक्त त्या यादीला एक मालक लागतो, आणि बैठक नेमकी तिथेच फिसकटते.

म्हणून सर्वानुमते तोडगा निघतो: ‘कॉमन’ नावाचं नवं मॉड्यूल. सगळे क्लास, सगळ्या मॅपिंग फाइली तिथे हलवायच्या. बदलायचा हक्क सर्वांना, जबाबदारी कुणाचीच नाही. सर्व्हर पहिल्या फटक्यात चालू होतो, टाळ्या वाजतात, ज्याने वाटणी केली त्यालाच एकत्रीकरणाबद्दल बढती मिळते. आता ‘कॉमन’ फार फुगलं आहे, त्याचे तुकडे पाडायला हवेत, असा त्याचा प्रस्ताव पुढच्या तिमाहीच्या आराखड्यात आहे. स्लाइड तयार आहेत; चौकोनांचे रंग तेवढे ठरायचे आहेत.