गळमास्तर

बुलढाणा जिल्ह्यात धरणांना तोटा नाही. मोताळ्याकडे नळगंगा आहे, मेहकरकडे पेनटाकळी आणि कोराडी, खुद्द बुलढाणा शहराला पाणी पाजणारं येळगाव, आणि देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णा. हे 19 दरवाज्यांचं धरण. चोखोबांचा जन्म जवळच्या मेहुणा राजाचा, म्हणून जलाशयाचं नाव संत चोखासागर. अशा प्रत्येक धरणावर एक अभियंता असतो, एक चौकीदार असतो आणि एक गळमास्तर असतो. पहिल्या दोघांची बदली होते.

गळमास्तर बहुधा निवृत्त असतात. कुणी झेडपीच्या शाळेतून, कुणी एसटीच्या डेपोतून, कुणी वीज मंडळातून. सकाळी सातला ते भिंतीच्या खालच्या अंगाला एका ठरलेल्या दगडावर बसतात. त्या दगडावर दुसरं कुणी बसलेलं आढळलं, तर ते काही बोलत नाहीत. त्याच्या मागे उभे राहून फक्त खाकरत राहतात. दगड दहा मिनिटांत मोकळा होतो.

त्यांचं सामान साधं. बांबूची काठी, तंगूस, शिशाचा तुकडा, दोन-चार गळ आणि तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा. पोरानं पुण्याहून पाठवलेली फायबरची काठी घरी माळ्यावर असते, कारण तिला 'हात नाही'. म्हणजे काय, हे विचारू नये. विचारलं तर संध्याकाळ होते. आमिषाच्या बाबतीत मात्र ते शास्त्रशुद्ध आहेत: रोहूला कणकेचा गोळा, त्यात भिजवलेली पेंड आणि कणभर हिंग, मरळीला गांडूळ किंवा बेडकाचं पिल्लू. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. हे त्यांचं ज्ञान पुस्तकाबरहुकूम बरोबर आहे. त्यात खोट काढता येत नाही. मासा लागत नाही, एवढंच.

मासा न लागण्याची कारणं हा गळमास्तरांचा खरा विषय. हवा पूर्वेची असते. पाणी गढूळ असतं, किंवा फार नितळ असतं. काल दरवाजे उघडले होते. काल उघडले नव्हते. अमावस्या जवळ आली आहे. पलीकडे म्हशी उतरल्या. शेजारी पोट्टे मोबाइलवर गाणी लावून बसले. आणि काहीच नसेल तर, "भाऊ, मासा आज भरल्या पोटाचा हाये." एवढ्या ठामपणे अपयशाचा खुलासा मंत्रालयातही कुणी देत नसेल.

नवशिका दिसला की त्यांच्यातला मार्गदर्शक जागा होतो. शेगावचं दर्शन घेऊन, लोणार पाहून परतणारं एखादं मुंबईकर कुटुंब धरणावर थांबतं. (लोणारला गळमास्तर नाहीत. तिथलं पाणी खारं, अल्कधर्मी, वर अभयारण्य. त्या सरोवराचं नशीब.) कुटुंबातला मुलगा विचारतो, "काका, इथे मासे आहेत का?" या प्रश्नाची त्यांनी सकाळपासून वाट पाहिलेली असते. मग काठी कशी धरायची, झटका कधी द्यायचा, 2006 साली सुटलेली मरळ किती मोठी होती, सगळं सांगून होतं. मरळ दोन्ही हात फाकवून दाखवली जाते. तिची लांबी दरवर्षी वाढते. सुटलेला मासा पाण्यात वाढतच असणार, त्यामुळे तर्कात दोष नाही. फी एक चहा, तोही बऱ्याचदा तेच पाजतात.

घरची गोष्ट वेगळी. वहिनी माळकरी, दर एकादशी, दर गुरुवार, आणि श्रावण तर आख्खा. "अहो, ते पाण्यातलं पाण्यात ठेवून या," ही त्यांची कायमची ताकीद. त्यामुळे चुकून एखादा रोहू लागलाच, तर तो परत पाण्यात जातो. मासा पकडून सोडून देण्याचा विलायती शौक इकडे यायच्या आधीपासून गळमास्तर तो पाळतात, फक्त त्याचं श्रेय वहिनींचं.

अशा एखाद्या गळमास्तरांचा मुलगा शिकागोला असला, की कधीतरी त्यांना मिशिगन सरोवर बघावं लागतं. ते पाणी जवळपास 58,000 चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे आपले सहा बुलढाणा जिल्हे त्यात बुडतील. तिथे सामन आणि ट्राउटसाठी बोटी भाड्याने मिळतात. कप्तान परवानाधारक, साधारण सहा माणसं बोटीत. कोणत्या खोलीवर मासा आहे, ते पडद्यावर दिसतं. जड गोळ्याला तंगूस अडकवून आमिष नेमकं त्याच खोलीवर सोडतात आणि बोट संथ चालवत राहतात. काठ्या दांडीत खोवलेल्या. मासा लागला की काठी उचलून पाहुण्याच्या हातात देतात, पाहुण्यानं चक्री फिरवायची. दुपारी फोटो.

गळमास्तरांना हे अजिबात पटत नाही. "मासा त्यानं पाहिला, आमिष त्यानं लावलं, जागा त्यानं धरली. मी काय केलं? विहिरीचा रहाट ओढला." त्यातून डॉलर द्यायचे आणि पाच मासे झाले की थांबायचं, असा तिथला कायदा. खडकपूर्णावर असा कायदा करायची वेळ अजून कुणावर आली नाही. पण त्यांना सगळ्यांत जास्त खटकतं ते हे, की कप्तान वाऱ्याबद्दल चकार शब्द बोलत नाही.

गंमत अशी, की तो सामनही तिथला नव्हे. प्रशांत महासागराकडचा कोहो सामन 1966 मध्ये मिशिगन राज्याच्या मत्स्य खात्यानं, हॉवर्ड टॅनर या अधिकाऱ्याच्या पुढाकारानं, तिथे सोडला. अटलांटिकमधून शिरलेली एलवाइफ नावाची बारकी मासळी इतकी माजली होती, की 1967 च्या उन्हाळ्यात मेलेल्या मासळीचे ढीग किनाऱ्यावर साचले. तिला खायला कुणीतरी हवं होतं. हे ऐकून गळमास्तर विजयी हसतात: "म्हणजे सोडलेला मासा. आमच्यासारखा अस्सल नाही." इथे त्यांना थांबवावं लागतं. कटला, रोहू, मृगळ मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवलं, तेव्हापासून बीज मुबलक झालं. आज धरणात बोटुकली सोडली जाते ती त्याच वाटेनं. थोडक्यात, मास्तर ज्याची वाट पाहत बसतात तो रोहूही सरकारी पाहुणाच.

बीज सोडतं कोण? मच्छीमार सहकारी संस्था. तलाव तिच्या ठेक्यात, त्यामुळे गळ टाकायलाही तिची परवानगी लागते. गळमास्तरांकडे ती तोंडी असते. संस्थेचं म्हणणं असं, की यांच्यानं साठा काही कमी होत नाही. भोई समाजाची माणसं रात्री जाळं लावतात आणि पहाटे क्रेट भरून आणतात. मास्तर त्या जाळ्याकडे तुच्छतेनं पाहतात. "जाळ्याला काय कळते?" जाळ्याला काही कळत नाही, हे खरंच आहे.

सध्या त्यांची सगळी आशा वैनगंगा-नळगंगा नदीजोडवर आहे. राज्य मंत्रिमंडळानं 2024 मध्ये त्याला मंजुरी दिली. गोसीखुर्दचं पाणी सुमारे 426 किलोमीटरच्या कालव्यानं नळगंगेपर्यंत यायचं आहे. सिंचनाचे आकडे इतरांनी पाठ केलेत. मास्तरांनी त्या पाण्यासोबत येणाऱ्या माशांचा हिशेब मांडलाय, आणि ते आले की कुठे बसायचं तो दगडही मोताळ्याकडे हेरून ठेवलाय.

खडकपूर्णावर जायचं असेल तर पावसाळ्यात दरवाजे उघडण्याचा इशारा आधी पाहा, आणि गळ टाकायचा असेल तर संस्थेला विचारा. रोहू हवा असेल तर पहाटे संस्थेच्या काट्यावर जा, वाऱ्याबद्दल ऐकायचं असेल तर गळमास्तरांकडे. दोन्ही हवं असेल तर आधी काट्यावर जा. तिथला माल लवकर संपतो.